कॅथलिक शाळेच्या ज्युनियर-सीनियर केजीत मुलं काय शिकतात? पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, वसई, ठाणे, पुणे इथल्या कॅथलिक शाळांच्या बालवर्गात दर जूनमध्ये येणाऱ्या मुलांपैकी बरीच मराठी बोलणाऱ्या घरांतली असतात. काही घरं ख्रिस्ती, पुष्कळशी इतर धर्मांची. पालकांचे प्रश्न मात्र बहुतेक सारखेच असतात: इंग्रजी कधी येणार, लिहायला कधी लागणार, प्रार्थना कोणती म्हणून घेतात. शाळेगणिक थोडाफार फरक असतोच. जिथे तो महत्त्वाचा आहे तिथे तसं म्हटलं आहे.

कोणत्या वर्गाला किती वय लागतं?

महाराष्ट्रात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत नर्सरीसाठी ३, ज्युनियर केजीसाठी ४, सीनियर केजीसाठी ५ आणि पहिलीसाठी ६ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल नियमात बसतं, पण जूनमध्ये ज्युनियर केजीच्या पहिल्या दिवशी ते जेमतेम साडेतीन वर्षांचं असतं. जानेवारीत जन्मलेल्या सोबत्यापेक्षा ते जवळजवळ वर्षभराने लहान. या वयात वर्षभराचा फरक बटण लावण्यात, रांगेत उभं राहण्यात, पेन्सिल धरण्यात लगेच दिसतो. अशा मुलाची वर्गातल्या मोठ्या मुलांशी तुलना करू नका. शू लागल्याचं त्याला अजून सांगता येत नसेल, तर एक वर्ष थांबणं हा आमच्या मते चांगला निर्णय आहे.

दिवस कसा जातो?

बालवर्ग साधारण तीन ते साडेतीन तासांचा असतो. सकाळी साडेआठची शाळा असेल तर पहिली पंधरा मिनिटं दप्तर जागेवर ठेवणं, डबा-बाटली खणात ठेवणं आणि टीचरना ‘गुड मॉर्निंग’ म्हणणं यात जातात. मग प्रार्थना, आजचा वार, हवामान आणि गोलात बसून गप्पा. त्यानंतर वीसेक मिनिटांचा भाषेचा तास, हातांचं काम, डबा, मैदान, अंक, आणि शेवटी गोष्ट किंवा गाणं. वीस मिनिटांच्या वर एकाच गोष्टीवर बसवलं की चार वर्षांचं मूल चुळबुळ करू लागतं. तो त्याचा हट्ट नसतो, त्या वयाची मर्यादाच तेवढी असते.

वर्गात टीचरबरोबर मावशी असतात. टॉयलेटला नेणं, हात धुववणं, सांडलेलं पुसणं हे काम त्यांचं. मुलाला मावशींना हाक मारता यायला हवी, ती मराठीत मारली तरी चालते. ‘मे आय गो टू द टॉयलेट’ हे वाक्य पाठ करून घेण्यापेक्षा ‘शू’ हा एक शब्द वेळेवर तोंडातून येणं फार मोलाचं आहे.

प्रार्थनेत काय शिकवतात?

सकाळची एक छोटी प्रार्थना, डब्याआधी दोन ओळींचे आभार आणि घरी जाताना एक ओळ. ‘प्रभूची प्रार्थना’ आणि ‘नमो मारिया’ ही मारियामातेची प्रार्थना मुलांच्या कानावरून रोज जातात आणि सीनियर केजीपर्यंत बऱ्याच जणांना त्या तोंडपाठ होतात. अर्थ समजावण्याचं वय ते नव्हे. त्या वेळी डोळे मिटून, हात जोडून, अर्धा मिनिट शांत उभं राहणं हाच मुख्य अभ्यास. शांत राहता येणं हेही शिकावंच लागतं.

क्रुसाची खूण शिकवताना एक चूक हमखास होते. उजवा हात कपाळाला, मग छातीला, मग डाव्या खांद्याला आणि शेवटी उजव्या खांद्याला, असा क्रम आहे. पण टीचर मुलांसमोर तोंड करून उभ्या राहिल्या, की मूल आरशातल्यासारखी नक्कल करतं. त्यांचा उजवा हात बघून ते डावा उचलतं आणि खांदेही उलटे होतात. म्हणून अनुभवी शिक्षिका मुलांकडे पाठ करून खूण करून दाखवतात, किंवा स्वतः मुद्दाम उलट्या हाताने करतात. घरी शिकवणाऱ्या आजी-आजोबांनीही मुलाच्या शेजारी, एकाच दिशेला तोंड करून उभं राहावं.

गोष्टी बायबलमधल्या असतात, पण निवडक: सृष्टीची निर्मिती, नोहाचं तारू, पाच भाकरी आणि दोन मासे, हरवलेलं मेंढरू. मेंढपाळाकडे शंभर मेंढरं होती आणि एक हरवलं, ही गोष्ट सीनियर केजीत शंभरपर्यंत मोजायला शिकत असताना सांगितली तर फार चांगली बसते. नव्व्याण्णव आहेत तरी तो एकासाठी का गेला, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. क्रुसावरच्या मृत्यूचं वर्णन या वयात तपशिलात करायचं नसतं. कोणी केलंच, तर काही मुलं रात्री घाबरतात.

आमचं मूल ख्रिस्ती नाही. त्याला धर्म शिकवला जाईल का?

धर्मशिक्षण, म्हणजे कॅटेकिझम, हे कॅथलिक मुलांसाठीच असतं. प्राथमिक वर्गांत त्या तासाला इतर मुलांसाठी मूल्यशिक्षण असतं. बालवर्गात बहुतेक ठिकाणी असे दोन गट पाडत नाहीत, सगळ्यांना एकच साधी प्रार्थना आणि एकच गोष्ट असते. खरं बोलणं, सांडलं तर आपण पुसणं, दुसऱ्याचं खेळणं विचारून घेणं, यावरच त्यातला भर असतो.

कायद्याची बाजूही माहीत असलेली बरी. संविधानाचं कलम ३०(१) अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. त्याच संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मूल अल्पवयीन असल्याने संमती पालकांची. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेच्या शिक्षण विभागाने २०२४ मध्ये शाळांना दिलेल्या सूचनांतही इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती प्रथा लादू नयेत आणि परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणावी, असं सांगितलं आहे. तुम्हाला एखादी गोष्ट नको असेल तर जूनमध्येच वर्गशिक्षिकेशी किंवा सिस्टरांशी शांतपणे बोला. मुलाला मात्र ‘तू हात जोडू नकोस’ असं परस्पर सांगून पाठवू नका. सगळे करतात आणि आपण करायचं नाही, हे ओझं चार वर्षांच्या जिवाला पेलत नाही.

आणि घरी आलं की मुलाने देवघरासमोर हात जोडून शाळेतली प्रार्थना म्हटली तर दचकू नका. त्याच्यासाठी हात जोडणं ही एकच कृती आहे. ‘शुभं करोति’ आणि शाळेतली प्रार्थना त्याच्या मनात शेजारी शेजारी आरामात राहतात.

आम्ही कॅथलिक आहोत. मग धर्मशिक्षण शाळेवर सोडलं तर चालेल?

नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात आईवडिलांनाच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हटलं आहे, आणि बालवर्गात त्याचा प्रत्यय रोज येतो. ज्या घरी झोपण्यापूर्वी प्रार्थना होते त्या घरचं मूल शाळेत शब्द पाठ करत नाही, ओळखीचे शब्द पुन्हा भेटल्यासारखं म्हणतं. वसईकडच्या मराठी घरांत आणखी एक अडचण दिसते. घरी आणि मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, प्रार्थना मराठीत, शाळेत इंग्रजीत, आणि मूल दोन्हींची सरमिसळ करतं. घाबरायचं कारण नाही. घरी मराठीतच म्हणत राहा, सहा-सात महिन्यांत दोन्ही आपापल्या जागी बसतात.

पहिल्या कम्युनियनची, म्हणजे मिस्सेत पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याची, तयारी हा बालवर्गाचा विषय नाही. चर्चच्या कायद्यात सात वर्षं पूर्ण झाल्यावर मुलाला समज आली असं धरलं जातं. ती तयारी त्यानंतर आणि मुख्यतः धर्मग्रामात, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चमध्ये, होते.

घरी इंग्रजी बोलत नाही. मूल मागे पडेल का?

पडत नाही, पण पहिले तीन-चार महिने ते वर्गात गप्प राहू शकतं. त्या काळात त्याला शब्द समजत असतात, फक्त बोलायचा धीर नसतो. घरी भरपूर मराठीत बोलणारं, गोष्टी ऐकणारं मूल इंग्रजीही लवकर उचलतं, कारण ‘आधी’, ‘नंतर’, ‘जास्त’, ‘कमी’, ‘का’, ‘म्हणून’ या कल्पना त्याच्याकडे आधीच असतात. त्याला नवे शब्द तेवढे चिकटवायचे असतात. जी घरं तुटक इंग्रजीत ‘कम हिअर, वॉटर पी, शूज घाल’ असं बोलतात, तिथल्या मुलांची अडचण जास्त होते. त्यांना दोन्ही भाषांत पूर्ण वाक्य मिळत नाही.

वाचनाची सुरुवात आता बऱ्याच शाळांत अक्षरांच्या नावांऐवजी ध्वनींनी होते. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं आधी येतात, कारण तेवढ्यांवरच सॅट, टॅप, पिन, टिन, पॅन, नॅप असे कितीतरी शब्द तयार होतात. घरी यात एक घोटाळा होतो. टीचर ‘ट्’ शिकवतात आणि घरी आपण ‘ट’ म्हणतो. मग ‘स-ऍ-ट’ जोडताना मूल ‘सऍट’ म्हणतं आणि शब्द काही सापडत नाही. मराठी पालकांना हे समजणं खरं तर सोपं आहे: पाय मोडलेलं अक्षर म्हणा. स्, ट्, प्, न्. मागे ‘अ’ लावायचा नाही.

दुसरी जागा व्ही आणि डब्ल्यूची. ‘व्हॅन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, ‘वॉटर’ म्हणताना ओठांचा चंबू होतो. हातात छोटा आरसा द्या, मूल दोन दिवसांत फरक पकडतं.

जूनपासून महिने गेले, वहीत अजून एक अक्षर नाही. शाळा शिकवते तरी काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून उत्तर थोडं लांबवतो.

लिहायला बोटांत जोर लागतो, मनगट स्थिर लागतं आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट या तिघांनी एकत्र काम करावं लागतं. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाचं मनगट अजून तयार होत असतं. त्या आधी पेन्सिल हातात कोंबली की मूल ती मुठीत धरतं, कागदावर दाबून लिहितं, दोन ओळींत हात दुखतो, आणि मग ‘मला नाही लिहायचं’ सुरू होतं. मुठीची सवय लागली की पुढे दुसरीपर्यंत सुटत नाही.

म्हणून आधी हातांचं काम असतं: कागद फाडून चिकटवणं, मणी ओवणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, स्पंज पिळणं, रव्याच्या ताटात बोटाने रेघा काढणं. आणि कणकेसारखा गोळा मळणं. तो घरी करता येतो: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, एक चमचा तेल, आणि पाऊण वाटी पाणी थोडं थोडं घालत. हाताला चिकटला तर मैदा भुरभुरवा, चिरा पडल्या तर तेलाचं बोट लावा. पावसाळ्यात मीठ हवेतली ओल ओढतं आणि गोळा दोन दिवसांत चिकट होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, तरीही बिघडला तर सरळ नवा करा. मळलेल्या गोळ्याची सुतळीएवढी वळी करायला सांगा. तळव्याने नाही, तीन बोटांनी. पेन्सिल धरायला लागणारी तीच बोटं.

मग रेघा. बालवर्गाच्या भाषेत स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन, तिरकी रेघ आणि शेवटी गोलाई. उभी रेघ नेहमी वरून खाली, आडवी डावीकडून उजवीकडे. पहिली अक्षरं सरळ रेघांची: मोठ्या लिपीतली एल, टी, आय, एफ, ई, एच. गोल अक्षरं नंतर. काही शाळा थेट लहान लिपीपासून सुरू करतात, म्हणून घरी आधीच सगळी मोठी अक्षरं घोटून घेण्यापूर्वी टीचरना विचारा.

पकड सुधारायला एक साधा उपाय आहे. लांब पेन्सिलऐवजी चार-पाच सेंटिमीटरचा खडूचा किंवा क्रेयॉनचा तुकडा द्या. एवढ्याशा तुकड्यावर मूठ बसतच नाही, मुलाला तीन बोटंच वापरावी लागतात. हात धरून गिरवून घेऊ नका. त्यात हात तुमचा चालतो, मुलाचा फक्त मागे ओढला जातो.

बी आणि डी उलटसुलट होणं सात वर्षांपर्यंत सर्वसाधारण आहे. बी काढताना आधी उभी रेघ मग पोट, डी काढताना आधी गोल मग उभी रेघ, एवढी सुरुवात पक्की केली तर गोंधळ बराच कमी होतो.

अंक किती येतात?

ज्युनियरमध्ये तोंडी वीस किंवा पन्नासपर्यंत, पण वस्तू मोजून दहापर्यंत. सीनियरमध्ये शंभरपर्यंत, आधीचा-नंतरचा-मधला अंक, आणि दहाच्या आतली बेरीज. तोंडी शंभर म्हणणाऱ्या मुलापुढे सात चिंचोके ठेवले आणि त्याने आठ मोजले, तर त्याला सात अजून आलेला नाही. बोट एका चिंचोक्यावर, आकडा एकच, हे जुळायला वेळ लागतो. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. त्या दिवसांत दहा मण्यांचा एक टप्पा म्हणताना मुलं हेच करत असतात, एक मणी आणि एक प्रार्थना.

मराठी मुलं २३ ऐवजी ३२ लिहितात. ती निष्काळजी नसतात. ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि वीस नंतर, कान ऐकतो तसा हात लिहितो. इंग्रजीत ‘ट्वेंटी थ्री’ सरळ येतं, पण ‘थर्टीन’मध्ये तिथेही उलटं होतं, शिवाय ‘थर्टी’शी गल्लत. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस तीन’ अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा मोठा वाद झाला, पण अडचण खरीच होती. उपाय म्हणजे आइसक्रीमच्या काड्या: दहांचे जुडगे रबरबँडने बांधा. तेवीस म्हणजे दोन जुडगे डावीकडे, तीन सुट्या काड्या उजवीकडे. मग लिहा.

मराठी कधी सुरू होतं?

२०२० च्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात सर्व शाळांत मराठी सक्तीचं आहे, पण ते पहिलीपासून. इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात गाणी-गोष्टींपलीकडे फारसं नसतं. तोवरची जबाबदारी घराची. मुळाक्षरं गिरवायला नकोत, रोज रात्री एक मराठी गोष्ट पुरते.

पहिले दिवस खूप रडतं. काय करावं?

फाटकापाशी निरोप छोटा ठेवा. ‘डबा खाल्लास आणि मैदानावर खेळलास की मी येते’ असं सांगा, कारण मुलाला साडेअकरा वाजणं कळत नाही, डब्यानंतर काय होतं ते कळतं. सांगून निघा. नजर चुकवून पळालात तर दुसऱ्या दिवशी ते तुमचा पदर सोडणारच नाही. खिडकीतून डोकावू नका. न्यायला उशीर करू नका, पहिल्या दोन आठवड्यांत तर अजिबात नाही. रडणं साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. महिन्यानंतरही तसंच असेल, किंवा मधेच नव्याने सुरू झालं, तर टीचरशी बोला आणि टॉयलेट, बस, एखादं मूल, एखादा आवाज, असं एकेक करून कारण शोधा.

डब्यात काय?

दहा मिनिटांत स्वतःच्या हाताने संपेल एवढंच. पोळीचा रोल, इडलीचे तुकडे, थालीपीठ. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करा आणि अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. डब्याचं झाकण मुलाला उघडता येतं का ते घरी चार वेळा बघा. पुष्कळ डबे न खाल्लेले परत येतात ते केवळ झाकण उघडलं नाही म्हणून.

वर्षभरात कोणते सण होतात?

२६ जुलैला संत ॲना आणि योआकिम, म्हणजे येशूच्या आजी-आजोबांचा सण, म्हणून त्या सुमारास आजी-आजोबांना बोलावतात. आषाढीच्या सुमारास बऱ्याच शाळांत छोटी दिंडीही निघते. ८ सप्टेंबरला मारियामातेचा जन्मदिवस, मुलं फुलं घेऊन येतात. महागडा गुच्छ नको, अंगणातली किंवा बाजारातली चार फुलं पुरेत.

नाताळची तयारी सर्वांत जवळची. आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत, चार मेणबत्त्या असतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, आणि तिसऱ्या आठवड्यात गुलाबी पेटते. शेजारी रिकामा गोठा आणि भाताच्या पेंढ्याच्या बोटभर काड्यांची वाटी. ज्याने आज कोणाला मदत केली त्याने एक काडी गोठ्यात ठेवायची, म्हणजे बाळ येशू येईपर्यंत अंथरूण मऊ होईल. यात टीचरनी एक काळजी घ्यावी लागते: काड्या मोजायच्या नाहीत आणि कोणाच्या किती हे जाहीर करायचं नाही. केलं, की दुसऱ्या दिवशी मुलं उगाच एकमेकांची दप्तरं उचलायला धावतात.

प्रवेशाला कोणते कागद लागतात? डोनेशन द्यावं लागतं का?

जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो. कॅथलिक मुलांसाठी बाप्तिस्म्याचा दाखला, जिथे बाप्तिस्मा झाला त्या चर्चमधून. गाव दूर असेल तर महिनाभर आधी मागवा. प्राधान्य बहुधा कॅथलिक मुलांना आणि शाळेतल्या मुलांच्या भावंडांना असतं. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, त्यामुळे त्या कायद्याखालच्या २५ टक्के राखीव जागांच्या ऑनलाइन सोडतीत या शाळा शोधू नका. शाळा अनुदानित असली तरी तिचा बालवर्ग सहसा विनाअनुदानित असतो, म्हणून फी वेगळी. देणगी शुल्काला राज्यात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या. आणि बालवर्गातून पहिलीत प्रवेश आपोआप मिळतो का, हे आधी लेखी विचारून घ्या.

ट्यूशन लावावी का?

नको. तीन तास शाळेत बसलेल्या मुलाला संध्याकाळी मैदान हवं.

सीनियर केजी संपताना काय यायला हवं?

तीन अक्षरी सोपे इंग्रजी शब्द ध्वनी जोडून वाचता येणं, स्वतःचं नाव लिहिता येणं, वीस वस्तू न चुकता मोजता येणं, दोन सूचना एकापाठोपाठ ऐकून करता येणं, बटण-चेन-बूट स्वतः घालता येणं, आणि रांगेत आपला नंबर येईपर्यंत थांबता येणं. यातल्या शेवटच्या दोन-तीन गोष्टींबद्दल प्रगतिपुस्तकात काय लिहिलंय ते आधी वाचा, कारण पहिलीच्या टीचर जूनमध्ये त्याच पाहतात. वाचन थोडं कच्चं असेल तर दिवाळीपर्यंत भरून निघतं. ऐकणं कच्चं असेल, म्हणजे मागून हाक मारली तरी मूल वळत नसेल, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत कान तपासून घ्या. सर्दीने कानात साठलेलं पाणी हे त्याचं अगदी साधं आणि नेहमी राहून जाणारं कारण आहे.